ट्रिगर अजून थोडा हलका

सरकारने कायदा करून सगळ्यांची पिस्तुलं जमा करून घेतली, तेव्हा आमच्या क्लबातली चांगली धट्टीकट्टी माणसं रडली म्हणे. कुणी पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये पेटी उघडून शेवटचा हात फिरवला, कुणाला स्वतः आत जाववेना म्हणून बायकोला पाठवलं. मला हे फोनवर कळलं. मी रिसीव्हर खांद्यात धरून मेथी निवडत होते आणि मधूनमधून ‘हो का’ म्हणत होते. आमच्या घरातलं पिस्तूल त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. त्याला सरकार लागलं नाही, मी पुरेशी होते.

ह्यांना तो नाद इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत लागला. मशीन टूल्सच्या एका कारखान्यात हे टूलरूममध्ये होते. शेजारच्या बेंचवर लालबुंद मानेचा एक उंच इंग्रज होता, तो एका पिस्तूल क्लबचा सेक्रेटरी. शहराबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती, तिथे त्यांचं दर रविवारी चालायचं. त्याने ह्यांना एकदा नुसतं बघायला म्हणून नेलं, आणि हे घरी आले ते चेहऱ्यावर वेगळंच तेज घेऊन. असं तेज मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ऑलिंपिकमध्ये दाखवतात तशी, एका जागी श्वास रोखून उभं राहायची ही नेमबाजी नव्हती. इथे कमरेला होल्स्टर, पट्ट्यावर गोळ्या भरलेली जादा मॅगझीन, आणि समोर लाकडी आडोसे, खोटे दरवाजे, पिंपं मांडून त्यांच्यामागे पुठ्ठ्याची टार्गेट्स. टायमर वाजला की पिस्तूल काढायचं, एका आडोशाकडून दुसऱ्याकडे पळायचं, प्रत्येक टार्गेटवर दोन दोन गोळ्या झाडायच्या, मध्येच मॅगझीन बदलायचं. शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेने भागायचं. म्हणजे नेम चुकला तरी मेलात आणि सावकाश गेलात तरी मेलात. नोकरीत आठवडाभर हेच चालतं, मग रविवारी पदरचं पेट्रोल जाळून तेच का करायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या लोकांत चेष्टा व्हायची. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला सगळे कम्युनिटी हॉलमध्ये जमले की वंदना झाल्यावर कुणीतरी ज्येष्ठ ह्यांना गाठायचेच. "काय हो, आत्ता पंचशील म्हणालात, प्राणिमात्राची हिंसा करणार नाही म्हणालात, आणि रविवारी ठो ठो?" हे शांतपणे विचारायचे, "पुठ्ठ्याला जीव असतो का, काका?" मी खिरीचं भांडं सांभाळत बाजूला उभी असायचे. बायकांचा प्रश्न वेगळा असायचा, घरात पिस्तूल असताना तुला झोप लागते तरी कशी? ते भिंतीला ठोकलेल्या पोलादी कपाटात कुलूपबंद असतं, आणि कौन्सिलमध्ये नोकरी करणाऱ्या बाईला झोप लागण्याची काळजी नसते, असं मी सांगायचे.

कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग ऑफिसात मी काउंटरवर होते. लोक दिवसभर येऊन ओल, गळकं छप्पर, न उघडणाऱ्या खिडक्या यांचं गाऱ्हाणं सांगायचे. काही वर्षांनी माझ्या एक लक्षात आलं. जो माणूस खिडकीबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलतो, त्याचं दुखणं खिडकीत नसतं. बायको सोडून गेलेली असते, नाहीतर मुलगा बोलत नसतो, नाहीतर एकट्याला घर खायला उठलेलं असतं. आपण खिडकी दुरुस्त करायला माणूस पाठवतो, आणि पुढच्या महिन्यात तोच गृहस्थ दरवाजाबद्दल बोलायला येतो. मी मान डोलावून ऐकायचे. दुसरं काही करायला मला पगार नव्हता.

खाणीवर मी सुरुवातीला जायचे ती गाडीत बसायला. हीटर लावून विणकाम करायचं, फ्लास्कमधला चहा प्यायचा. एक दिवस सेक्रेटरीने काचेवर टकटक केलं. रेंज ऑफिसर कमी पडतायत, आणि तुझा आवाज चांगला आहे, म्हणाला. आवाज माझा काउंटरवर कमावलेला. मी दोन वीकएंड्सचा कोर्स केला आणि टायमर हातात आला. रेंज ऑफिसर म्हणजे नेमबाजाच्या उजव्या खांद्यामागे हातभर अंतरावर उभं राहणारा माणूस. त्याने टार्गेटकडे बघायचंच नाही. नजर पिस्तुलावर आणि बोटावर. गोळी सुटताना ती कुठे लागली हे मला कधी दिसलं नाही, बोट कुठे आहे ते मात्र नेहमी दिसलं. पळताना, मॅगझीन बदलताना बोट ट्रिगरभोवतीच्या कडीबाहेर सरळ पाहिजे. कडीच्या आत दिसलं की ‘स्टॉप’ म्हणायचं, आणि तो माणूस त्या स्पर्धेतून बाद. तो कितीही जुना असो, कुणाचाही कोणी असो.

हुकूम ठरलेले असायचे, सगळ्यांना सारखे, इंग्रजीत. "लोड अँड मेक रेडी." "आर यू रेडी?" "स्टँड बाय." घरी मी ह्यांना अहो म्हणायचे, आजही म्हणते. खाणीवर हे नुसते ‘शूटर’. पहिल्यांदा ‘शूटर, आर यू रेडी?’ असं विचारलं तेव्हा मला इतकं हसू आलं की टायमर दाबायला उशीर झाला आणि हे तसेच ताटकळत राहिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तिथे मी तुझा कोणी नाही, हे डोक्यात ठेव." राग नव्हता त्यात, शिकवल्यासारखं म्हणाले. मीही ते डोक्यात ठेवलं, आणि चांगली काही वर्षं आमचं बरं चाललं. ह्यांना दोनचार कप मिळाले. ते बाथरूमच्या खिडकीत ठेवलेले असायचे, कारण बाकी कुठे ठेवू द्यायला मी तयार नव्हते.

मग ह्यांचा कारखाना बंद पडला. त्या वर्षांत कॉव्हेंट्रीत कुणाचा पडला नाही? केसाइतकं बारीक माप धरून पोलाद घासणाऱ्या माणसाला एका गोडाऊनमध्ये माल चढवायचं आणि उतरवायचं काम मिळालं. हे कुरकुर न करता गेले. पण आठवड्याचे सहा दिवस हे कोणीच नसायचे, सातव्या दिवशी खाणीवर पोचले की लोक विचारायला यायचे. माझं स्प्रिंग बघशील का, ही नेमाची साइट जरा सरळ करून देशील का? क्लबातल्या निम्म्या पिस्तुलांवर ह्यांचा हात फिरलेला होता. ह्यांचा एवढाच मान शिल्लक होता, आणि तो मला माहीत होता. म्हणून पुढचं सगळं जड गेलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा ह्यांचे गुण घसरायला लागले. एकदम नाही. मॅगझीन बदलायला थोडा जास्त वेळ लागू लागला. पहिली गोळी डावीकडे खाली जाऊ लागली. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी डावीकडे खाली गेली की समजायचं, ट्रिगर ओढताना हात हलला. क्लबात नव्याने आलेल्या माणसालाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात. ह्यांनी त्यातून निष्कर्ष काढला की ट्रिगर जड आहे.

"थोडा हलका करून बघतो," हे म्हणाले.

मागच्या खोलीत बेंच होतं. तिथे पिस्तूल सुटं करून, भिंग डोळ्याला लावून, ऑइलस्टोनवर आतला एक नखाएवढा भाग हे तासन्‌तास घासत बसायचे. ट्रिगर हलका झाला. गोळ्या डावीकडे खालीच गेल्या. मग मॅगझीन आत जाताना अडखळतं, म्हणून ह्यांनी पकडीच्या तळाला नरसाळ्यासारखं रुंद तोंड बसवलं. मग मॅगझीन सोडायचं बटण लहान आहे, म्हणून ते मोठं केलं. मग पकड घसरते, म्हणून खेळण्यांच्या दुकानातून स्केटबोर्डला लावतात ती खरबरीत पट्टी आणून चिकटवली. तिने हाताची सालटी निघाली, पण घसरणं थांबलं नाही, कारण घसरत काही नव्हतंच. मग पुन्हा ट्रिगर. अजून थोडा हलका.

उपकरणं संपली की पद्धत निघायची. एक पाय मागे घेऊन तिरकं उभं राहावं की दोन्ही हात सरळ ताणून छाती समोर ठेवावी, यावर खाणीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये चहाचे कप हातात घेऊन इतकी चर्चा व्हायची की ऐकून माझ्याच खांद्यांत कळ यायची. हे महिनाभर तिरके उभे राहिले, महिनाभर सरळ. मग पंचेचाळीस बोअरचा धक्का जास्त बसतो, नऊ मिलिमीटर घ्यावं का? धक्का कमी, पण कडेला लागलेल्या फटक्याला गुणही कमी. मग पुढे वजन लावावं का? सेक्रेटरी प्रत्येक वेळी तितक्याच गांभीर्याने मत द्यायचा. "ट्राय अ हेव्हिअर स्प्रिंग, मेट." इंग्रज माणूस तुमच्या पिस्तुलाबद्दल दोन तास बोलेल, आणि तब्येतीबद्दल ‘ऑल राइट?’ विचारून उत्तर यायच्या आत पुढे सरकेल. आपल्या लोकांचं याच्या बरोबर उलट, पण त्यांना पिस्तुलातलं काही कळत नव्हतं आणि ह्यांनी त्यांना काही कळू दिलं नाही.

मी मात्र हातभर अंतरावर उभी असायचे. ‘स्टँड बाय’ म्हटल्यापासून टायमर वाजेपर्यंत नेमबाज दोन्ही हात बाजूला सैल सोडून थांबतो. त्या क्षणी मी सवयीने उजव्या हाताकडे बघायचे. दिवाळीच्या सुमारास मला पहिल्यांदा दिसलं. ह्यांचा अंगठा आणि बाजूचं बोट एकमेकांवर फिरत होतं, शेवया वळताना फिरतं तसं. टायमर वाजला, हात पिस्तुलाकडे गेला, आणि फिरणं थांबलं. मला वाटलं थंडी असेल. पुढच्या रविवारी ऊन होतं.

घरी संध्याकाळी हे सराव करायचे. रिकामं पिस्तूल दोनदा तपासून घ्यायचं, पुढच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि ट्रिगर इतका अलगद ओढायचा की नाणं पडता कामा नये. मागच्या खोलीत जमिनीवर लिनोलियम होतं. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत असायचे आणि मला ते ऐकू यायचं. टिक, आणि लगेच टण्. पुन्हा टिक, टण्. पूर्वी नाणं क्वचित पडायचं. आता टिक म्हटलं की मी टणची वाटच बघायचे. एकदा टिकच्या आधी टण् झालं, आणि नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून दारापर्यंत गेले. हे नाणं हातात घेऊन बसले होते. "ह्या नव्या नाण्यांचं वजन बरोबर नाही," हे म्हणाले. मी परत आले, पोळी करपली होती.

आमची मुलगी लंडनकडे इल्फर्डला नोकरीला होती, महिन्यातून एकदा यायची. जेवताना तिने पाहिलं, आणि ह्यांच्यासमोरच तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "बाबा, तुमची हात असं का शेक होते?" हे म्हणाले, स्केटबोर्डच्या पट्टीने आग होते. ती माझ्याकडे बघत राहिली. भांडी घासताना म्हणाली, "आई, जीपीकडे ने ना त्यांना. इट्स नॉट द टेप." मी म्हटलं, माहीत आहे. "मग?" लहानपणापासून जिला आम्ही ‘गप्प बसून काही सुटत नाही’ असं शिकवलं, तिच्यासमोर मी नळ सोडून उभी राहिले.

तरी मला खात्री नव्हती. खात्री झाली ती डाव्या हाताने. कधीकधी स्पर्धेत एक स्टेज, म्हणजे एक फेरी, फक्त कच्च्या हाताने मारायची असते, म्हणजे उजव्या माणसाने डाव्याने. सगळ्यांचे हाल होतात त्यात. फेब्रुवारीत अशी एक स्टेज होती, आणि ह्यांनी सगळ्या गोळ्या मधल्या चौकटीत घातल्या. एकूण एक. लोकांनी पाठ थोपटली. सेक्रेटरी म्हणाला, बघ, सांगत होतो ना, तो ट्रिगर आता परफेक्ट आहे. मी टार्गेटपाशी उभी होते. तेच पिस्तूल. तोच ट्रिगर, तीच पट्टी, तेच बटण. फक्त हात दुसरा. ह्यांनी त्या भोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या नेमबाजासाठी भोकं बुजवायच्या चिकटपट्ट्या घाईघाईने त्यांच्यावर लावायला लागले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी विषय काढला. म्हटलं, अहो, डॉक्टरला एकदा दाखवू या.

"काय दाखवू?"

"हात."

"हाताला काय झालंय? डावीकडे खाली जाते गोळी. तो टेक्निकचा प्रश्न आहे."

"डाव्या हाताने बरोबर लागल्या सगळ्या."

"नशीब असतं एखाद्या दिवशी." मग आवाज चढला. "तू मागे उभी राहून स्टॉप आणि स्टँड बाय म्हणतेस, त्यावरून तुला शूटिंग कळायला लागलं का? आणि डॉक्टर काय करणार? एक चिठ्ठी लिहिणार, ती पोलिसांकडे जाणार, पिस्तुलाचं सर्टिफिकेट जाणार. मग रविवारी काय करू मी? तुझ्याबरोबर बाजारात येऊन कोथिंबीर घेऊ?"

मी म्हटलं, "आणि गोळी भलतीकडे गेली तर? मी हातभर मागे असते."

हे उठून मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने ऑइलस्टोनचा आवाज सुरू झाला. मला इतका राग आला की मी कप सिंकमध्ये आपटला. रागापेक्षा जास्त थकवा होता खरं तर. दिवसभर लोकांच्या खिडक्या, घरी ह्यांचा ट्रिगर.

एप्रिलच्या शेवटी आसपासच्या क्लबांची स्पर्धा आमच्या खाणीत होती. सकाळपासून बारीक पाऊस. माझ्याकडे शेवटची स्टेज दिली होती, आणि ह्यांचा गट माझ्याकडेच येणार होता. मी सेक्रेटरीला बाजूला घेऊन म्हटलं, माझ्या नवऱ्यापुरता टायमर तू धर. त्याला स्वतःला त्याच वेळी दुसरीकडे मारायचं होतं. "ही’ड रादर हॅव यू, लव्ह," म्हणाला. हे तिथेच उभे होते. "शी विल डू इट," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही. दुसरं कुणी असतं तर त्याने तितक्या जवळून पाहिलं असतं का, कोण जाणे.

"लोड अँड मेक रेडी."

हे व्यवस्थित तयार झाले. हात बाजूला सोडले. अंगठा आणि बोट फिरायला लागलं, पँटच्या शिवणीवर. मी मुद्दाम जास्त थांबले नाही.

"आर यू रेडी? स्टँड बाय."

टायमर वाजला. हे निघाले. पहिला आडोसा बरा गेला, मला गोळ्यांच्या तालावरून कळत होतं. मग पिंपांकडे पळायचं आणि पिंपांमागे मॅगझीन बदलायचं. मी मागोमाग. रिकामं मॅगझीन खडीवर पडलं, डावा हात पट्ट्याकडे गेला, नवं घेऊन वर आला. आणि उजव्या हाताचं बोट कडीच्या आत होतं. आत होतं आणि हलत होतं. पिस्तुलाच्या नळीत एक गोळी होती, ट्रिगर ह्यांनी वर्षभर घासून घासून हलका केलेला होता, आणि पिस्तुलाचं तोंड ह्यांच्याच पायासमोरच्या खडीकडे झुकलं होतं. ह्यांना त्याचा पत्ता नव्हता. ह्यांचं लक्ष मॅगझीनच्या तोंडाकडे होतं.

मागे उभ्या असलेल्या लोकांना ह्यांची पाठ आणि माझी पाठ दिसत होती. बोट फक्त मला दिसत होतं.

"स्टॉप."

आवाज काउंटरवरचाच आला. हे थांबले. बोट बाहेर आलं, पिस्तूल समोरच्या मातीच्या बांधाकडे वळलं. मागे कुणीतरी म्हणालं, "व्हॉट हॅपन्ड?" त्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं.

"अनलोड अँड शो क्लिअर."

म्हणजे मॅगझीन काढायचं, नळीतली गोळी काढायची, रिकामं दाखवायचं. ह्यांचा अंगठा बटणाकडे गेला. स्वतः मोठं करून बसवलेलं बटण ते. अंगठा त्याच्यावर पोचला, आणि दबेना. नुसता थरथरत राहिला. पुन्हा वर केला, पुन्हा ठेवला. मी हुकूम पुन्हा दिला, कारण तसा नियम आहे, आणि दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

हे मान न वळवता हळूच मराठीत म्हणाले, "दाबलं जात नाहीये गं."

खाणीवर आम्ही कधी मराठी बोललो नव्हतो. मी टायमर खिशात टाकला. ऑफिसरने नेमबाजाच्या पिस्तुलाला हात लावायचा नसतो, अगदी नाइलाज झाल्याशिवाय. मी ह्यांच्या उजव्या हातावर माझा हात ठेवला. गार पडला होता, आणि आतून घुमत होता, मांडीवर घेतलेल्या मांजरासारखा. "अहो, द्या इकडे," मी म्हटलं. पिस्तुलाचं तोंड बांधाकडेच ठेवून ते हळूहळू माझ्या हातात घेतलं. मॅगझीन काढलं, स्लाइड मागे खेचली, गोळी उडून खडीत पडली. रिकामी नळी मी ह्यांना दाखवली, जशी कुणालाही दाखवतात. ह्यांनी बघितलं आणि मान हलवली. मग मी ओरडले, "रेंज इज क्लिअर."

सेक्रेटरी लगबगीने आला. त्याने मला विचारलं काय पाहिलंस. मी म्हटलं, बोट आत होतं. त्याने ह्यांच्याकडे बघितलं. असल्या वेळी लोक वाद घालतात, बाई, तुझा कोन चुकीचा होता म्हणतात, पंचांकडे जातात. क्लबातल्या सगळ्यांना ह्यांची बाजू घ्यायला आवडलं असतं, एवढे ह्यांचे उपकार होते त्यांच्यावर. हे म्हणाले, "शी’ज राइट." एवढंच. सेक्रेटरीने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच कुठल्याही स्प्रिंगबद्दल बोलला नाही.

बाद झालेला माणूस आपल्या गटाबरोबरच राहतो आणि टार्गेट्सवर चिकटपट्ट्या लावतो, अशी पद्धत आहे. हे राहिले. माझ्याकडे गटातली उरलेली माणसं होती, मला ती संपवायची होती. मी प्रत्येकाच्या मागे उभी राहिले, प्रत्येकाला तेच शब्द म्हणाले, आणि प्रत्येकानंतर हे पुढे जाऊन पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यावर डाव्या हाताने पट्ट्या लावत होते. ओल्या पुठ्ठ्याला त्या चिकटत नव्हत्या. पट्टी पडली की हे वाकून उचलायचे आणि पुन्हा लावायचे. कुणी मदतीला गेलं तर नको म्हणायचे. मला ह्यांची दया आली, आणि वर्षभर मला हे बघायला लावलं म्हणून चीडही आली. दोन्ही एकाच वेळी, आणि टायमर हातात असल्यामुळे दोन्हींचं काही करता येत नव्हतं.

गाडी मी चालवली. एरवी हे मला गिअर बदलायला शिकवायचे, मी वीस वर्षं गाडी चालवत होते तरी. त्या दिवशी गप्प होते. मोठ्या ए-रोडला लागल्यावर म्हणाले, "पिस्तुलात काही बिघाड नव्हता. पहिला ट्रिगरच बरा होता."

मी हो म्हटलं.

वायपर चालू होते. थोड्या वेळाने ह्यांनी विचारलं, "तुला कधीपासून दिसतंय?"

"दिवाळीपासून."

"मला त्याच्या आधीपासून."

मी गाडी बाजूला घेणार होते, पण मागे ट्रॅफिक होतं. म्हटलं, "मग बोलला का नाहीत हो? एवढं घासत बसलात, उभं राहायचं बदललंत, माझ्यावर ओरडलात."

"बोललो असतो तर रविवार संपले असते," हे म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी पिस्तूल साफ केलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि कपाटात ठेवून किल्ली माझ्याकडे दिली. मी ती माझ्या पर्समध्ये टाकली. दोघं जेवलो. वरण थोडं खारट झालं होतं, ते तसंच संपवलं.

सोमवारी ऑफिसला जायच्या आधी मी डॉक्टरकडे फोन लावला. हे गोडाऊनचा कोट घालून पाठीशी उभे होते. रिसेप्शनिस्टने नाव विचारलं, पत्ता विचारला, ते मी सांगितलं. मग तिने विचारलं, नेमकं काय होतंय त्यांना? मी तोंड उघडलं, आणि रिसीव्हर ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी तो डाव्या हातात धरला. पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ ऐकू येत होतं.

"इट्स माय हँड," हे म्हणाले. "माय राइट हँड."